गवताचा वास, गुलाबाचं नाव

मराठीत ‘वास’ हा शब्द बिचारा आहे. ‘वास येतोय’ म्हटलं की ऐकणारा आधी नाक मुरडतो. चांगला म्हणायचा तर त्याला पुढे ‘सु’ लावावा लागतो. आणि सुवास म्हटला की डोळ्यांसमोर येतात ती फुलंच. सुगंधी वस्तूंची नावं लिहा असं सांगितलं की वर्गातली मुलं पाटीभर फुलं लिहायची. मोगरा, जाई, चाफा, गुलाब. सूर्यमाळच्या मुली मात्र त्यात एक जास्तीचं नाव घालायच्या, ‘गवत’. पुस्तकात ते उत्तर नव्हतं, पण मी त्यावर बरोबरचीच खूण करायचे.

आपल्या घरातल्या सुगंधाचा हिशेब मांडून बघा. दिवाळीच्या उटण्यात काय असतं? नागरमोथा, वाळा, कचोरा, गवला, आंबेहळद. म्हणजे मुळ्या, कंद आणि सालं. फूल असलं तर चिमूटभर, गुलाबाच्या वाळक्या पाकळ्यांचं. जोतिबाला वाहतात तो दवणा म्हणजे पानच. मरवा पान, पाच पान, तुळस पान. वाळा तर सरळ गवताची मुळी. माठात घालतो, खिडकीला पडदे करून लावतो, आणि त्याचंच अत्तर ‘खस’ या नावाने विकत घेतो. परदेशी अत्तरवाले त्याला व्हेटिव्हर म्हणतात. तो शब्दही त्यांचा नाही, तमिळमधल्या ‘वेट्टिवेर’वरून उचललेला, खणून काढलेलं मूळ अशा अर्थाचा. पण निदान वाळ्याला स्वतःचं एक देशी नाव तरी जगात मिळालं. आज ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्या गवताला तेही मिळालं नाही.

ते म्हणजे रोशा.

आमच्या कुटुंबातल्या धाकट्यांना माहीत नसेल म्हणून सांगते, माझं माहेर नवापूरकडचं. आता नंदुरबार जिल्हा म्हणतात, तो १९९८ साली झाला. माझ्या लहानपणी तो पश्चिम खानदेश. लग्नानंतर ह्यांच्या वनखात्याच्या नोकरीमुळे मोखाडा तालुक्यात आलो आणि मी सूर्यमाळला शिकवू लागले. त्यामुळे एका गवताच्या मुलखातून दुसऱ्या गवताच्या मुलखात, एवढाच काय तो माझा प्रवास!

रोशा दिसायला काही विशेष नाही. पुरुषभर उंच वाढतं. पानाचा बुडखा देठाला बदामाच्या आकारात मिठी मारून बसलेला असतो, ही त्याची ओळख. पाऊस सरता सरता तुरे येतात आणि पिकताना त्यांवर लालसर छटा चढते. अशा वेळी डोंगरउतारावरून चालताना पान चुरगाळलं की गुलाबाचा वास येतो, मागे थोडी लिंबाची झाक. संस्कृतातलं ‘रोहिष’ ते हेच, असं आयुर्वेदाचे जाणकार सांगतात. विदर्भात याला तिखाडी म्हणतात. आमच्याकडे घरोघर शिशीत रोशाचं तेल असायचं. गुडघे धरले, कंबर धरली की आजी ते चोळायची आणि सगळं घर घमघमायचं. गाई हे गवत खातात. आजी म्हणायची, आश्विनात दुधालासुद्धा रोशाचा वास येतो. मला तेव्हा ते आजीचं कौतुक वाटायचं. पुढे वाचनात आलं की हीच गोष्ट दोनशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञानेही लिहून ठेवली आहे.

तो शास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग, ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या बागेचा प्रमुख. टिपू सुलतानाशी इंग्रजांचं १७९० ते ९२ चं जे युद्ध झालं, त्यात क्लॉड मार्टिन नावाचा फ्रेंच जन्माचा एक सेनाधिकारी इंग्रजांच्या बाजूने होता. लखनऊची ला मार्टिनिअर शाळा ज्याच्या पैशातून उभी राहिली तोच हा. बालाघाटच्या पठारावर छावणी असताना त्याने पाहिलं की जनावरं एका उग्र वासाच्या गवतावर तुटून पडतात, आणि मग त्यांच्या दुधालोण्यालाच काय, मांसालाही तो वास लागतो. त्याने बी गोळा केलं, लखनऊला नेऊन लावलं आणि थोडं रॉक्सबर्गला दिलं. रॉक्सबर्गने त्या गवताला मार्टिनचं नाव दिलं. आजही त्याचं शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी असंच आहे. शतकानुशतकं गुराख्यांना माहीत असलेलं गवत, नाव मात्र लष्करातल्या साहेबाचं. हे पहिलं नामांतर.

आता भट्टीचं सांगते, कारण ती मी पाहिलेली आहे. माझे मामा एका ठेकेदाराकडे मुनीम होते. भट्टी नेहमी ओढ्याकाठी लागायची. त्याचं कारण सोपं आहे, वाफ थंड करायला वाहतं पाणी लागतं. दगडमातीच्या चुलाणावर मोठं भांडं, त्यात थोडं पाणी आणि वर दाबून दाबून भरलेलं गवत. वर लाकडी झाकण, फटी लिंपून घेतलेल्या. झाकणातून बांबूची नळी निघायची, तिच्यावर सुतळी गुंडाळलेली, आणि तिचं दुसरं टोक ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात. खाली जाळ, वर वाफ, नळीतून पुढे जाऊन ती थंड झाली की पाणी आणि तेल एकत्र उतरायचं. तेल हलकं म्हणून वर तरंगायचं. ते अलगद काढून घ्यायचं. शंभर किलो ओल्या गवतातून तेल निघतं अर्ध्या किलोच्या आतबाहेर. गवत कापायचं ते तुरे आल्यावर. फार आधी कापलं तर तेल कमी, फार वाळलं तर वास उडालेला. म्हणजे सगळा हंगाम पावसाळा संपल्यापासूनच्या दोन-तीन महिन्यांचा.

कापायला भिल्ल आणि मावची बाया. डोक्यावर भारे घेऊन त्या उतरायच्या तेव्हा माणूस दिसायच्या आधी वास पोचायचा. मामा भारे मोजून वहीत रेघा मारत. मला त्या वहीचं फार आकर्षण होतं. पाच रेघांचा एक गठ्ठा, चार उभ्या आणि एक आडवी. बायकांना त्या रेघा वाचता यायच्या नाहीत. त्या बोटांच्या पेरांवर मोजायच्या, आणि बरेचदा पेरांचा आणि वहीचा हिशेब जमायचा नाही. वादात वहीच जिंकायची. मी मोठी होऊन शिक्षिका झाले त्याला अनेक कारणं असतील, त्यातलं एक ही वही आहे.

हा धंदा किती जुना? १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशचा खंड निघाला, त्यात रोशाच्या तेलाची नोंद आहे. मूळ ठिकाण पिंपळनेर, पण गवत नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूला जास्त म्हणून भट्ट्या तिकडे सरकल्या. तेल चामड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवरून कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेला जाई, नाहीतर धुळे-मनमाडमार्गे मुंबईला. कोंडाईबारीच्या घाटातून एस.टी.ने आपण कितीदा गेलो असू! त्याच वाटेने चामड्याच्या पिशव्यांतून गुलाबाचा वास खाली उतरत होता हे डोळ्यांसमोर आणून बघा.

मुंबईहून हे तेल जहाजाने तांबड्या समुद्राच्या बंदरांत आणि तिथून इस्तंबूलला पोचायचं. तुर्क लोक त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत, यागी म्हणजे तेल. तिथे ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळून उन्हात ठेवत. त्याने उग्रपणा कमी होई आणि रंग फिका पडे. मग ते जाई बाल्कनच्या डोंगरांतल्या कझानलिकच्या गुलाबदरीत. आज तो भाग बल्गेरियात आहे, पूर्वी तुर्की साम्राज्यात होता. जगातलं सगळ्यांत नावाजलेलं गुलाबाचं अत्तर तिथलं. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो पाकळ्या लागतात, त्याही पहाटे खुडलेल्या. अशा सोन्याच्या भावाच्या वस्तूत भेसळ होणार नाही तर कशात होणार? रोशाचं तेल गुलाबतेलात मिसळलं जाई. काही ठिकाणी तर भट्टीत घालण्याआधीच पाकळ्यांवर शिंपडत, म्हणजे दोन्ही एकत्रच उतरतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. खरेदीदारही हुशार. अस्सल गुलाबतेल थोड्या थंडीतही गोठू लागतं, त्यावरून ते पारख करत. त्यावर भेसळवाल्यांनी व्हेलच्या डोक्यातली चरबी मिसळून तेही साधलं. लबाडीला बुद्धी लागते हे खोटं नाही.

युरोपात रोशाचं तेल उघडपणेही विकलं जात होतं, पण नाव ‘तुर्की जिरेनियम’. जिरेनियम हे वेगळंच झाड, त्याच्या पानांनाही गुलाबाचा वास असतो. म्हणजे तेल तुर्की नव्हतं आणि जिरेनियमचंही नव्हतं. पुढे ‘भारतीय जिरेनियम’ असं निम्मं खरं नाव आलं, आणि शेवटी ‘पामारोसा’. रोशा हा साधा, दोन अक्षरी, उच्चारायला सोपा शब्द जगाला का पेलला नाही कोण जाणे.

याचा कळस पुढे झाला. १८७१ साली ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने भारतातून आलेलं हे गवताचं तेल घेतलं आणि ऊर्ध्वपातन करून त्यातलं मुख्य द्रव्य शुद्ध रूपात वेगळं काढलं. गुलाबाच्या वासाचा एक आधारस्तंभ असलेलं द्रव्य माणसाच्या हाती प्रथम शुद्ध स्वरूपात आलं ते गुलाबातून नाही, गवतातून! पण बाजारात तेलाचं नाव जिरेनियमचं, म्हणून द्रव्याचं नावही जिरेनिऑल पडलं. मी बी.ए.ची, मराठी-इतिहासवाली. रसायनशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. पण नाव देणं म्हणजे काय ते भाषेच्या माणसाला कळतं. आज साबण, पावडर, क्रीम, केसांचं तेल यांच्या वेष्टणांवर बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. त्यात जिरेनिऑल शोधा, घरातल्या दोन-चार वस्तूंवर तरी सापडेल. तो शब्द जन्मला तो आपल्या रोशासारख्या गवताच्या तेलातून, आणि त्यात गवताचा मागमूस नाही.

रोशाच्या चांगल्या तेलात या द्रव्याचं प्रमाण शेकडा पंचाहत्तर ते पंच्याऐंशी असतं. गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, पाणी न साचणाऱ्या उतारावर वाढतं, त्याचं तेल गुलाबी वासाचं. सोफिया ओलसर जागेत वाढतं, त्याच्या तेलाचा वास आल्याकडे झुकतो आणि त्याला भाव कमी. दिसायला दोन्ही जवळपास सारखी. कापणाऱ्या बाईला मात्र लांबूनही कळायचं कोणतं कुठलं. ही विद्या कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

आणि आता मूळ मुद्दा, मालकीचा. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं सरकारची झाली. जंगल सरकारचं म्हणजे गवतही सरकारचं. ते लिलावात ठेकेदाराला जायचं. भांडं ठेकेदाराचं, तेल व्यापाऱ्याचं, भाव मुंबईचा, नाव तुर्कस्तानचं. कापणारीच्या वाट्याला भाऱ्यामागची मजुरी आणि हाताला आठ दिवस न जाणारा वास. पुढे डच लोकांनी जावा बेटावर या गवताची शेती केली आणि तिथलं तेल उत्तम गणलं जाऊ लागलं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर टर्पेंटाइनपासून कारखान्यात जिरेनिऑल बनू लागलं. जंगलातल्या ओढ्याकाठच्या भट्टीने त्या कारखान्याशी काय स्पर्धा करायची! आमच्या भागातली भट्टी माझ्या लग्नाच्या आसपास बंद झाली. मामांनी नंतर किराणा दुकान टाकलं.

सूर्यमाळला आले तेव्हा तिथला आश्विन पाहून मला माहेरची आठवण झाली. पठारावर जिकडे पाहावं तिकडे गवत, आधी हिरवं, मग पिवळं. वास मात्र वेगळा, रोशाचा नाही, सुकत्या गवताचा गोडसर. युरोपातल्या अत्तरवाल्यांनी अशा वासालाही सोडलं नाही. तिकडच्या सुकत्या गवताच्या वासामागे कुमारिन नावाचं द्रव्य असतं. ते १८६८ साली विल्यम पर्किनने प्रयोगशाळेत बनवलं, आणि १८८२ साली पॅरिसच्या हूबिगाँ कंपनीने ते वापरून ‘फूजेर रॉयाल’ नावाचं अत्तर काढलं. आजही पुरुषांच्या निम्म्या अत्तरांचं घराणं तिथून सुरू होतं असं म्हणतात. पॅरिसमधला शौकीन माणूस कुरणाचा वास अंगाला लावून हिंडत होता, आणि इकडे आमच्या ठाणे जिल्ह्यात गवत कापणारा माणूस वेठीला धरलेला होता.

हे मी अलंकारिक बोलत नाही. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात जमीनदार आणि सावकार गवत कापून घ्यायचे, ते मुंबईच्या तबेल्यांना जायचं. १९४५ साली वारली आदिवासी किसान सभेच्या झेंड्याखाली उठले तेव्हाची त्यांची एक मुख्य मागणी गवताचीच होती, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो सगळा काळ लिहून ठेवला आहे. माझ्या वर्गातल्या मुलांचे आजे त्या वयाचे होते. मोखाड्यात मी आले तेव्हा दिवाळी झाली की वर्ग निम्मा रिकामा व्हायचा. घरंच्या घरं खाली वाड्याकडे गवत कापायला, भिवंडी-वसईला वीटभट्टीवर निघून जायची. हजेरीपटावर ‘स्थलांतरित’ असा एक शब्द लिहायचा आणि पुढचं घर रिकामं ठेवायचं.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात मोगरा आला. रोजगार हमीतून, बायफसारख्या संस्थांच्या मदतीने, वाडीच्या बांधाला, पाच-दहा गुंठ्यांत. त्याने अनेक घरांचं जाणं थांबलं हे मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि त्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण मोगऱ्याची एक अडचण आहे. कळी सकाळी खुडली की त्याच दिवशी दादरच्या फूलबाजारात पोचली पाहिजे. भाव पडला म्हणून ती परत आणता येत नाही. कळी थांबत नाही, म्हणून शेतकऱ्यालाही थांबता येत नाही.

तेल थांबतं. नीट बंद केलेल्या डब्यात सावलीला ठेवलं तर महिनोन् महिने टिकतं. भाव पटला नाही तर पुढच्या महिन्यात विकता येतं. खानदेशच्या धंद्यात ही एवढी मोठी सोय होती. पण भांडं ठेकेदाराचं असल्यामुळे थांबायचा अधिकारही त्याचाच होता. कापणारी रोजच्या भाकरीसाठी कापत होती, ती कशी थांबणार?

माझा एक जुना विद्यार्थी आता सूर्यमाळजवळच्या पाड्यावर शेती करतो. लखनऊला सीमॅप नावाची सरकारी संस्था आहे, १९५९ पासूनची. सुगंधी वनस्पतींच्या सुधारित जाती तिथे तयार होतात, रोशाच्याही. (मार्टिनसाहेबाने बी लावलं ते लखनऊलाच, हा योग बघा.) तिथलं काहीतरी मोबाईलवर पाहून त्याने मला फोन केला, ‘बाई, तुमच्या माहेरचं ते गवत इथं लागेल का?’ मला जेवढं माहीत होतं ते सांगितलं. मोतियाला कोरडा उतार हवा आणि आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने नुसती धार. तेव्हा रोशाचा हट्ट धरण्यापेक्षा गवती चहा किंवा वाळा बघ. तोही सगळीकडे नको, बांधावर आणि धूप होणाऱ्या उतारावर लाव, वाळ्याच्या मुळ्या माती धरून ठेवतात. आणि भट्टीला पाणी लागतं हे विसरू नकोस. मोखाड्यात एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात टँकर येतात, म्हणजे जे काही उकळायचं ते माघाच्या आत.

त्याचा दुसरा प्रश्न असा होता, की भट्टी एकट्याने घ्यावी, बचतगटाने घ्यावी की बाहेरचा कुणी लावतो म्हणतोय त्याला जागा द्यावी. यावर मात्र मी त्याला बराच वेळ फोनवर धरून ठेवलं. मामांच्या वहीचं सांगितलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे, १८७८ साली जो गेला होता त्यातला हा काही भाग परत आलाय, तेव्हा कागद करताना तो कुणाच्या नावाने लिहून देऊ नका, हेही सांगितलं. तो ‘हो बाई’ म्हणाला. वर्गातही तो असाच ‘हो बाई’ म्हणायचा आणि मग स्वतःला पटेल तेच करायचा.

ग्रामसभेत अजून बोलणं चालू आहे म्हणे. बायकांचं म्हणणं आहे की भट्टी घ्यायची तर गटाच्या नावावर, आणि वजनकाटा आपलाच हवा. दिवाळीनंतर मी आठ दिवस तिकडे जाणार आहे, काय ठरलं ते तेव्हा कळेलच. ज्यांच्याकडे जुन्या रोशाच्या तेलाच्या शिश्या असतील त्यांनी कृपया टाकून देऊ नका. आमच्या नंदुरबारच्या वहिनींकडे एक होती, ती मी मागून ठेवली आहे. तळाशी थोडं तेल आहे, दाट झालंय, पण बूच काढलं की अजून वास येतो.